बोल्टला गंज, बुशला ऑइल

"वेल्डिंग मारा मिस्त्री. एक टाका मारला की मामला खतम," गोविंदशेठ म्हणाले आणि माझं टाळकं सरकलं. मी गाडीखाली उताणा, तोंडावर गंजाचा चुरा. आणि हे वर उभे राहून बॉनेटवर रुमाल फिरवत होते.

गाडी म्हणजे शेठची वरातीची व्हिंटेज. दिसायला राजेमहाराजांची, पण खाली जुन्या जीपची चेसिस आणि वर कारागिराने बसवलेली फायबरची बॉडी. अशी जोडगाडी परतुरात एकच, त्यामुळे लग्नसराईत तिला उसंत नाही. दुसऱ्याच दिवशी वरात होती. वरातीत गाडीच्या तोंडापुढे, हातभर अंतरावर, बायामाणसं नाचतात. आणि हिची पुढची डावी कमान, म्हणजे चाकावरची पाट्यांची स्प्रिंग, बोल्टाभोवती बोटभर हलत होती. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची.

कमानीच्या टोकाला गोल डोळा असतो. त्यात रबराचा बुश, बुशाच्या मधोमध लोखंडी नळी आणि नळीतून बोल्ट. धक्के रबराने खायचे. इथे रबराचा लगदा झाला होता.

"शेठ, टाका तुटला तर गाडी माणसांत घुसंल."

"इतकी साल चालून राह्यली, काही झालं का?"

"झालं असतं तर तुम्ही इथं न्हाई, ठाण्यात राहिले असते."

नट निघाला, बोल्ट निघेना. पाना लावला की बोल्टाबरोबर आतली नळीही फिरायची. दोन्ही गंजून एकजीव झाले होते. रस्ट स्प्रे मारला, घण घातला. ढिम्म! गॅसने तापवावा तर डोक्यावर फायबर, वरातीआधीच होळी झाली असती. शेवटी बॉडीवर ओलं गोणपाट टाकलं आणि ग्राइंडरने बोल्ट दोन्हीकडून कापला. अर्धा दिवस गेला. वरून कीर्तन, आतून तमाशा, असं मी शेठला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो.

मग बुश हातात आला. फुगलेला, चिकट, काळा. आता मात्र माझा तोल सुटला. रबराला ऑइल लागलं की ते फुगतं आणि कुजतं, हे साध्या हेल्परलाही ठाऊक असतं. आणि जिथे ग्रीस पाहिजे त्या नळीत थेंब नाही!

"कोन्त्या शहाण्यानं मारलं हे ऑइल? हात तोडले पाहिजेत त्याचे!"

शेजारचा लेथवाला मशीन बंद करून बघायला आला. शेठने रुमाल खिशात घातला. मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, तुम्हीच मारून दिल्तं. दर सालाला, पावसाळ्याच्या आधी. गंज लागत न्हाई म्हणले व्हते."

आणि त्यांनी वर बोट केलं. माझाच बोर्ड. शेवटची ओळ: 'खालून ऑइल स्प्रे करून मिळेल.'

आमच्याकडे पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. माझ्या उस्तादाने मारलं, मीही मारत आलो. चेसिस वाचते, हे खरं. पण त्याआधी बुशांना कापड गुंडाळायचा कंटाळा माझाच. स्वतःचीच इतकी चीड आली की लेथवाल्याकडे बघवेना.

नवे बुश साबणाच्या पाण्याने दाबून बसवले. नव्या बोल्टाच्या दांड्याला ग्रीस चोपडलं. गाडी जमिनीवर उतरवून, तिचं वजन आल्यावरच नट आवळले. अधांतरी आवळले तर रबर पिळलेलंच राहतं. न सांगता उजवी बाजूही केली.

दुसऱ्या दिवशी वरात गॅरेजवरून गेली. शेठ स्वतः स्टिअरिंगवर. सगळे नवरीकडे बघत होते, मी डाव्या चाकाकडे. नाचता नाचता एक म्हातारी मध्येच थांबली. शेठने ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत, तिच्या पदरापासून वीतभर अलीकडे थांबली. म्हातारीने मागे वळूनही पाहिलं नाही.

बोर्डवरची ओळ अजून आहे. आता स्प्रेआधी बुश झाकतो. आणि कुणाच्या गाडीखाली शिरलो की शिवी घालायच्या आधी विचारून घेतो, याआधी हिला हात कुणी लावला होता.