घागर खाली ठेवली तेव्हा

देवी खरंच असते का, हे मला कुणी विचारू नका. दहावीतल्या त्या अष्टमीपर्यंत माझाही भरवसा निम्माच होता. बाबांची बदली गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात झाली आणि आम्ही फलटणहून थेट कोलकात्यात येऊन पडलो. भाषा येत नव्हती, म्हणून मी नकलांवर भागवत होते. एकदा बस कंडक्टरसारखं 'आस्ते लेडीज!', म्हणजे हळू, बाई उतरतेय, असं ओरडले, तर ड्रायव्हरनं खरंच ब्रेक दाबला होता.

त्याच दिवसांत आंघोळ करताना छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. आठवड्यात ती लाल झाली, ठणकायला लागली, अंगात कणकण भरली. मला वाटलं, कॅन्सरच. संपलं सगळं. आईला सांगायची लाज वाटत होती. मग मावशीनं पाठवलेला देवीचा अंगारा हळदीत कालवून गुपचूप लावला आणि म्हटलं, "अंबाबाई, कुणाला कळायच्या आत घालव गं." आग मात्र आणखीच वाढली.

नवरात्रातल्या अष्टमीला बेहाला भागातल्या एका मराठी काकूंकडे महालक्ष्मी होती. तांदळाच्या उकडीचा मुखवटा, आणि त्याच्यापुढे बायका आळीपाळीने घागर उचलून घागरीच्याच तोंडावर फुंकर घालत घुमवतात, नाचतात. माझी पाळी आली. घागर वर नेली आणि अशी कळ आली की ती खाली ठेवून मी वाकलेच.

"बघा, सुरू झालं हिचं नाटक!" काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या. आईसुद्धा.

हसली नाही ती फक्त काकूंची शेजारीण. बंगाली, हॉस्पिटलात नर्स. तिला ना आमची भाषा कळत होती, ना माझी नकलांची कीर्ती. तिला फक्त माझा चेहरा दिसला. "की होयेछे, मा?" काय झालं पोरी, म्हणत तिनं मला आतल्या खोलीत नेलं, कपाळाला हात लावला. मी मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. तिनं आईला आत बोलावलं.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तू रडली असतीस."

"मग रडले असते! त्यात काय?" आणि रडलीच.

दुसऱ्या दिवशी दुर्गापूजेच्या गर्दीतून वाट काढत ती नर्स आम्हाला तिच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. कॅन्सर नव्हता, इन्फेक्शन होतं. सुईनं पू काढला, गोळ्या दिल्या. या वयात मुलींना अशा गाठी होतात, बहुतेक साध्याच असतात, म्हणाल्या. पण दाखवायच्या. लाल झाली, ताप आला तर एक दिवसही थांबायचं नाही, आणि लेप तर अजिबात लावायचे नाहीत. पंधरा दिवसांत मी बरी झाले.

मी मागितलं होतं, कुणाला कळू नये. देवीनं नेमकं तेवढंच ऐकलं नाही, भरल्या घरात मला उघडं पाडलं. त्याबद्दल तिचे किती उपकार मानू? सगळं तुझ्यावर सोडलंय असं मी तिला म्हणायचे, पण गाठ तर घट्ट लपवून ठेवली होती. आता काही दुखलं-खुपलं की आधी आईला सांगते, मग देवापुढे हात जोडते. देवीला थोडं उशिरा कळतं. पण ती रागावत नाही.