उतरत्या ओळी

माणसाच्या मनाबद्दल कोणी काही छातीठोक सांगायला लागलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे कोणी तपासून पाहिलं? सिन्नरच्या कारखान्यात मी नोकरीला होते तेव्हा जेवणाच्या सुटीत असली ज्ञानं फुकट वाटली जायची. खोटं बोलणारा नाक खाजवतो. माणूस मेंदूचा दहावा हिस्साच वापरतो. मी तोंड उघडलं की बाकीच्या म्हणायच्या, ‘झालं, हिला काही सांगायची सोय नाही.’ त्यांना मी शिष्ट वाटायचे. पण माझ्या प्रश्नाचा शिष्टपणाशी काही संबंध नव्हता. मी एकदा सबंध आठ महिने घाबरून काढले होते, त्याचा तो प्रश्न होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही इंदिरानगरात नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. वडील गोदाकाठी तीर्थोपाध्याय. यात्रेकरू यायचे, त्यांची पूजा, श्राद्ध सांगायची आणि मग वही पुढे करायची. आमच्याकडे गावागावाच्या वह्या होत्या. आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने आपलं गाव, घरातली नावं, कोण गेलं, कशासाठी आलो ते लिहायचं. पुढे त्याचा मुलगा येई, नातू येई, आणि आजोबाचं अक्षर बघून हात जोडी. त्या वह्या लाल फडक्यात बांधून आमच्या लोखंडी कपाटात असायच्या.

मी बारावीत होते, धाकटा भाऊ नववीत. त्याच्या क्लासने पालकांसाठी एक कार्यक्रम ठेवला : हस्ताक्षरावरून मुलांचा स्वभाव. बाहेरगावचे कोणी तज्ज्ञ येणार होते. प्रत्येक मुलाने घरून एका कोऱ्या, बिनरेघी कागदावर पानभर मजकूर लिहून आणायचा होता. भावाला लिहायचा जन्मजात कंटाळा. बॅट काखेत मारून तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘ए ताई, तूच लिही ना. सरांना काय कळतंय?’ मी लिहून दिलं.

आई कार्यक्रमाहून परतली ती पांढरीफटक पडून. मी पाणी घेऊन गेले तेव्हा स्वयंपाकघरात ती वडिलांना हळू आवाजात सांगत होती. तज्ज्ञांनी तिला बाजूला घेतलं होतं. ओळी खाली उतरतायत, शेवटची अक्षरं लोंबतायत, असं लिहिणारी मुलं जिवाचं बरंवाईट करून घेतात, असं ते म्हणाले होते. आणि वर बजावलं होतं, ‘त्याला विचारू नका. विचारलं की डोक्यात बसतं. नुसती नजर ठेवा.’

ओट्यावर तो कागद पडला होता. लाल पेन्सिलीने खुणा केलेला. अक्षर माझं होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं, हे मला आजही रोज वाटतं. पण मी पाण्याचा पेला ओट्यावर ठेवून बाहेर आले. मी बोलले तर ते माझं होईल, असं वाटलं. गप्प राहिले तर निदान कागदावर नाव तरी त्याचं आहे. इतका नीच विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी न्हाणीघराच्या दाराची कडी काढली. म्हणाले, गंजली होती. फिनेलची बाटली माळ्यावर गेली. गच्चीला कुलूप लागलं. भावाची सायकल ‘दुरुस्तीला’ गेली ती आलीच नाही. तो अभ्यासाला बसला की आई शेजारी लसूण सोलत बसायची, आणि एवढा लसूण आमच्या घरात कोण खात होतं देव जाणे. तो हसला की आई म्हणे, वरवर हसतोय. रुसला की, बघा, सुरू झालं. हसला तरी लक्षण, रुसला तरी लक्षण. काहीही घडलं तरी खरंच ठरतं, असल्या भाकितात काहीतरी खोट आहे, हे मला तेव्हाही समजत होतं. समजून भीती जात नाही, एवढाच काय तो त्रास.

भीती माझी मला होती. मरायचं माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. पण ते माझ्या आत कुठेतरी बसलंय आणि मलाच ठाऊक नाही, असं वाटायला लागलं. कपडे वाळत घालताना मी कठड्यापासून दोन हात लांब उभी राहायचे. रस्ता ओलांडताना स्वतःचाच हात घट्ट धरायचे. ओळ सरळ यावी म्हणून पट्टी ठेवून लिहायला लागले. पूर्वपरीक्षेत तर ओळी मुद्दाम वर चढवल्या, तर बाईंनी पेपर देताना विचारलं, ‘आभाळात कुठे निघाल्यात तुझ्या ओळी?’ वर्ग हसला. मी पेपर घडी घालून दप्तरात कोंबला.

एकदा वडील एक वही घरी विसरले म्हणून मी ती घेऊन गोदाकाठी गेले. सिन्नरकडचे एक आजोबा पायरीवर बसून मांडीवर वही घेऊन लिहीत होते. ओळ निम्म्यात आली की त्यांचा हात मांडीवरून घसरायचा आणि ओळही त्याच्याबरोबर खाली जायची.

‘गुरुजी, लय वाकडं येतंय बगा,’ ते म्हणाले.

‘येऊ द्या. गावाचं नाव वाचता आलं म्हणजे झालं,’ वडील म्हणाले.

मी तिथेच थबकले. मीसुद्धा लिहायला याच पायऱ्यांवर शिकले होते. सुटीत वडिलांच्या शेजारी बसून, पाटी मांडीवर घेऊन. आणि वडील? उभा जन्म त्यांनी हजारो माणसांची अक्षरं पाहिली होती, एकावरूनही कोणाचा स्वभाव सांगितला नव्हता. तरी टाय लावलेल्या माणसाने भिंगातून एक कागद बघितला आणि यांनी लगेच घरातली कडी काढली. काखेत कळसा नि गावाला वळसा!

त्या आठवड्यात दुपारी घरात कोणी नसताना मी वह्यांची फडकी सोडली. उतरत्या ओळींचा माणूस शोधायचा आणि त्याच घराची पुढची नोंद काढायची. चांदवडकडचा एक, ओळ पार कोपऱ्यात गेलेली : तो पुढे तीनदा येऊन गेला होता, शेवटी नातवाला घेऊन. दुसरा म्हातारा होऊन वारला. तिसऱ्याने प्रत्येक खेपेला तसंच तिरकं लिहून सगळ्या घरादाराची खुशाली कळवली होती. मी पानं उलटत गेले तशी माझी छाती हलकी होत गेली. उतरत्या ओळींची माणसं खुशाल जगली होती.

मग एक पान लागलं. सुरेख, मोत्यासारखं अक्षर, ओळी किंचित वर जाणाऱ्या. एका तरुणाने वडिलांच्या अस्थी आणल्या होत्या. खाली दोनच वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाच्या हातची नोंद : ‘थोरल्या भावाने जीव दिला. त्याच्या क्रियेसाठी आलो.’

मी वही मिटली. तज्ज्ञ खोटा ठरला होता, पण मी आगीतून फुफाट्यात पडले होते. वाईट अक्षरात मरण नव्हतं, तसं चांगल्या अक्षरात जगणंही नव्हतं. अक्षरावरून काहीच समजत नसेल, तर मग माझं काय आहे ते मला सांगणार कोण? त्या तरुणाला कोणी विचारलं होतं का? का त्याच्याही घरच्यांनी नुसती नजर ठेवली होती? मी वह्या कशाबशा बांधल्या आणि भिंतीला टेकून बसून राहिले.

भाऊ शाळेतून आला तेव्हा मी तशीच बसले होते. त्याने दप्तर टाकलं, माझ्यासमोर बसला आणि एकदम रडायला लागला.

‘ताई, खरं सांग. मला कसलातरी मोठा आजार झालाय ना? तुम्ही सगळे लपवताय. आई रात्री येऊन माझा श्वास बघते.’

आठ महिन्यांत त्याचा चेहरा केवढासा झाला होता. माझ्या वाटची भीती त्याने वाहिली होती, तीही कशाची ते माहीत नसताना. मला स्वतःची शिसारी आली. मी त्याला सगळं सांगितलं. तो तोंड उघडं टाकून ऐकत राहिला.

आई बाजारातून आली. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हटलं, ‘आई, तो कागद मी लिहिला होता.’ तिला पटेना. मी वर्तमानपत्राच्या कडेला, पट्टी न ठेवता, दोन ओळी लिहून दाखवल्या. त्या उतरल्याच.

आईने आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं ती ओरडेल. तिने माझं मनगट धरलं.

‘मग बोलली का नाहीस गं?’

‘विचारायचं नाही, असं तुम्हीच म्हणत होतात.’

संध्याकाळी वडील आले, त्यांना सांगितलं. ते बराच वेळ वह्यांच्या कपाटाकडे बघत राहिले. मग उठून पान्हे-पेचकस आणले आणि भावाच्या मदतीने न्हाणीघराची कडी परत बसवली. आई म्हणाली, ‘जा, आधी तू हातपाय धुऊन घे. कडी लाव.’

मी आत गेले आणि कडी लावली. नळ सोडला, बंद केला. बाहेर आईच्या बांगड्या वाजल्या. ती दाराला लागून उभी होती. सगळी भीती आता माझ्या दाराशी येऊन उभी राहिली होती.

‘आई, मी बरी आहे,’ मी आतून म्हटलं.

‘मी कुठे विचारलं?’ ती म्हणाली.

बांगड्या पुन्हा वाजल्या.

‘विचारते,’ ती म्हणाली. ‘बरी आहेस ना?’