खिळा न मारलेली भिंत

मिस्त्रीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. ऊन चढायच्या आत भिंत पाण्याने भिजली पाहिजे, हा त्याचा हट्ट. कोरडी भिंत गिलाव्यातलं पाणी पिऊन टाकते, मग गिलावा तडकतो. मुकादम आठला यायचा, तोवर याचा निम्म्या भिंतीचा गिलावा ओढून झालेला असायचा.

बांबूच्या परांचीवर तो अनवाणी चढायचा. हात भिंतीवर, डोळे भिंतीवर. फळी कुठे संपते ते तळपायांना कळायचं. खाली बघून पाय टाकणारा गवंडी त्याच्या लेखी कच्चाच.

स्वतःच्या घराची पुढची भिंत त्याने सुट्टीच्या दिवसांत घोटली. काचेसारखी. तिला खिळा मारायची कुणाची टाप नव्हती. कॅलेंडर दाराच्या कडीला लटकायचं.

"माझ्यापेक्षा भिंतीचं कौतुक जास्त," बायको म्हणायची.

"भिंत उलट बोलत नाही."

एका सकाळी कामावर पायांना मुंग्या आल्या. त्याने पाय आपटले आणि थापी चालू ठेवली. दुपारी कमरेखाली काही उरलंच नाही. परांची बांधणाऱ्या लंबूने त्याला पाठुंगळी घेऊन उतरवलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मणक्यातल्या मज्जारज्जूला सूज आली आहे. शरीर स्वतःवरच उलटलंय. क्वचित कुणाला होतं. नसांवरचं आवरण सोलून निघालंय.

"म्हणजे गिलावा पडला," मिस्त्री म्हणाला. "मग परत करा की."

"तो शरीरच करतं. हळूहळू. कुठे करतं, कुठे सोडून देतं."

काम अर्धवट सोडणारा कारागीर त्याला जन्मात आवडला नव्हता. आता तसलाच एक अंगात येऊन बसला.

आधी अंगठा हलला. बऱ्याच महिन्यांनी गुडघा उचलता आला. मग वॉकर, मग काठी. घाम निघेपर्यंत व्यायाम करायचा, थकवा आला की दोन दिवस आडवा. पाय परतले, पण तळवे परतले नाहीत. पायाकडे बघितलं तरच पाय कुठे आहे ते कळे. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पुढच्या भिंतीला धरायची दांडी लावून घ्या.

"माझ्या भिंतीला भोक पडणार नाही," मिस्त्री म्हणाला. "मला कामावर जायचंय. दांडी कशाला?"

बायको तो पडू नये म्हणून त्याच्या मागे मागे चालत राहिली.

एका रविवारी त्याने लंबूला बोलावलं. अंगणात भिंतीलगत दोन बुटक्या लाकडी घोड्यांवर फळी टाकायला लावली. मग तिच्यासमोर पायांकडे बघत उभा राहिला.

"मिस्त्री, लग्नाला उभे राहिलात तेव्हा एवढा विचार केला नव्हता तुम्ही," लंबू म्हणाला.

"तेव्हाही खाली बघायला हवं होतं."

"ऐकू येतंय मला!" आतून आवाज आला.

लंबूच्या खांद्याला धरून तो अनवाणी वर चढला. पायांकडे बघत होता तोवर नीट उभा राहिला. मग थापी उचलली आणि डोळे भिंतीकडे नेले. त्याच क्षणी पाय नाहीसे झाले. फळी नाहीशी झाली. लंबूने कमरेला मिठी मारली म्हणून तो वाचला.

खाली उतरल्यावर फळीवर लाल ठसा दिसला. फळीतला एक खिळा टाचेत घुसला होता. मिस्त्रीला पत्ताच नव्हता.

बायकोने पाय मांडीवर घेऊन धुतला. "दुखतंय का हो?"

"दुखलं असतं तर बरं झालं असतं."

लंबू फळी उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मिस्त्री नेहमीसारखा उठला. भिंतीला टेकून बसला आणि उजाडेपर्यंत तिच्यावरून तळहात फिरवत राहिला. मग बायकोला म्हणाला, "दांडीवाल्याला बोलव."

उंचीच्या खुणा त्याने स्वतः पेन्सिलीने केल्या. "सावकाश घे रे. आधी पाणी मार, नाहीतर पापुद्रा निघेल." ड्रिल सुरू झालं तेव्हा त्याने तोंड फिरवलं नाही. भुकटी फरशीवर पडली, ती त्याने बसून हातानेच गोळा केली. बायको झाडू घेऊन दारात थांबली होती. तिने त्याला ती गोळा करू दिली.

वरची खोली बांधायची म्हणून त्याने वर्षानुवर्षं मजुरी बाजूला टाकली होती. बरीचशी औषधांनी खाल्ली. उरली होती तिच्यात स्टीलची दांडी आली, पुढच्या दारापासून संडासापर्यंत.