झिनियाचे शेंडे

चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या मास्तरांनी अंगणातल्या झिनियाच्या प्रत्येक रोपाचा शेंडा पहिल्या कळीसकट कात्रीने उडवला. दीड महिन्याने लेक घरी येणार होती आणि तिच्या खोलीत याच वाफ्यातली फुलं ठेवायचा बायकोचा हट्ट होता.

"अहो, हात शिवशिवत होते तर जुने पडदे कापायचे!" ती कडाडली.

"शेंडा गेला की रोप बाजूंनी फुटतं. एकाच्या जागी चार फुलं देतो तुला," मास्तर म्हणाले.

लेक आली तेव्हा वाफा लाल-केशरी फुलांनी गच्च भरला होता आणि खोलीत दोन बरण्या सजल्या होत्या.

"आई, एवढी फुलं?"

"शेंडे वेळेवर खुडावे लागतात. यांना सांगून सांगून थकले मी."

मास्तरांनी मान डोलावली.