रंगारी मॅडमची सदाफुली

एखाद्या झाडाचा औषधी गुण सांगून झाला की रंगारी मॅडम खडू खाली ठेवायच्या आणि वर्गातल्या कुणालाही उठवून म्हणायच्या, "मी काय सांगितलं ते नको. तू काय ऐकलंस ते सांग." मुलगा वहीत बघायला लागला तर वही मिटायला लावत. उत्तरात 'अर्का'च्या जागी 'पान' आलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. नव्या मुलांना गंमत वाटे. हिंगणा रोडवरच्या फार्मसी कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले तेव्हा त्यांना ही सवय नव्हती. ती कशी लागली ते मी पाहिलं आहे.

वनस्पतींतली औषधी द्रव्यं हा त्यांचा विषय. उंच, सावळ्या, खणखणीत आवाजाच्या. वर्गात पुस्तकी भाषा, स्टाफरूममध्ये अस्सल नागपुरी. "झाड काही आपल्यासाठी दवाई बनवत नाही वं नीता," त्या मला म्हणायच्या, "थे किड्याले माराले जहर बनवते. आपण त्या जहराच्या मागं लागून लागून त्यातून दवाई काढतो." सदाफुलीवर त्यांचा विशेष जीव होता. रक्ताच्या कॅन्सरवरचं एक महत्त्वाचं इंजेक्शन या झाडातल्या द्रव्यापासून बनतं. ढीगभर वाळलेल्या पाल्यातून ते चिमूटभरही निघत नाही, आणि द्यायचं तर शिरेतूनच, मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली. जरा चुकलं तर तेच घात करतं. हे सांगताना त्या रंगून जात.

एका हिवाळ्यात उमरेडजवळच्या गावी आमच्या विद्यार्थ्यांचं शिबिर होतं. नुकतीच दिवाळी झाली होती. समाजमंदिरात गावकरी जमले होते. मॅडमनी बाहेरून सदाफुलीची फांदी तोडून आणली आणि उंच धरली. "हे झाड तुमच्या आंगनात उगवते. बकरीबी त्याले तोंड लावत नाही. पन याच झाडातून ब्लड कॅन्सरची दवाई निघते!" टाळ्या पडल्या. पुढचं, म्हणजे शिरेतून, मोजून, ते त्यांनी तिथे सांगितलं की नाही, हे मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नव्हतं. पुढे कित्येक वर्षं त्या मध्येच थांबून मला विचारत, "म्या सांगतलं होतं ना वं? तू होती ना तिथं?"

उन्हाळ्यातल्या एका दुपारी प्रयोगशाळेच्या दारात एक माणूस उभा राहिला. त्याच गावचा, कोळसा खाणीत कामाला असलेला, प्रल्हाद. हातात पिशवी, चेहऱ्यावर ओळखीचं हसू.

"मॅडम, तुमी शिबिरात सांगतलं तवापासून पोरीले रोज सदाफुलीचे पानं वाटून देऊन राहिलो. पन आता थे थुकून टाकते. गुळात मिसळून देल्लं तं चालते का?"

"काहून देऊन राहिले?"

"ब्लड कॅन्सर हाय ना तिले. दवाखान्यात इंजेक्शन चालू होते. केस गेले, उलट्या होऊन होऊन पोरगी वाळून गेली. मंग बंद केले. झाडच घरी हाय तं सुया काहून टोचाच्या?"

मॅडम पांढऱ्या कोटासकट जिना उतरल्या आणि गाडी काढली. मीही बसले. संध्याकाळी आम्ही पोरीला घेऊन नागपूरला परतलो आणि तिला पुन्हा दवाखान्यात भरती केलं. समीक्षा तिचं नाव, दुसरीत होती. आजार आटोक्यात येत होता, आता उलटून आलाय, असं डॉक्टर म्हणाले. उपचार पुन्हा सुरू झाले.

मॅडम रोज कॉलेज सुटलं की तिच्याजवळ जाऊन बसत. एकदा मी सोबत होते. पोरीने विचारलं, "थे पानं लय कडू होते. तुमी खाल्ले कधी?"

"नाही बेटा."

"मंग तुमाले कसं मालूम, थे दवाई हाय म्हनून?"

तेवढ्यात नर्स आली आणि तिने औषधाची छोटी बाटली लावली. आत सदाफुलीतूनच निघालेलं द्रव्य होतं. ते संपेपर्यंत मॅडम त्या थेंबांकडे बघत बसल्या.

पोळ्याच्या आधीच समीक्षा गेली. दवाखान्याच्या पायरीवर प्रल्हादने मॅडमना हात जोडले. "तुमी खोटं थोडीच सांगतलं होतं, मॅडम," तो म्हणाला. परतताना गाडीत त्या मला म्हणाल्या, "शिवी देल्ली असती त्यानं तं बरं झालं असतं वं."

त्यानंतर त्यांचा आवाज उतरला तो उतरलाच. कॉलेजच्या बागेतली सदाफुली उपटावी का, असं माळ्याने विचारलं, तर त्या नको म्हणाल्या. एकदा मी त्यांना त्या झाडापाशी उभं पाहिलं. त्यांनी पान तोडून जिभेवर ठेवलं होतं आणि डोळे मिटले होते. मला बघून त्यांनी ते थुंकलं. "खरंच लय कडू आहे," एवढंच म्हणाल्या. पुढे आमच्या ऑफिसातल्या एका बाईंचे डोळे पिवळे दिसले, तेव्हा यकृताला बाधत असेल म्हणून त्यांचा रोजचा गुळवेलीचा काढा थांबवून मॅडमनी त्यांना स्वतः डॉक्टरांकडे नेलं. त्या बऱ्या झाल्या, संत्राबर्फी घेऊन आल्या. मॅडमनी बर्फीला हात लावला नाही. "एक वाचली म्हणून दुसरी परत येते का?"

गेल्या हिवाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. घाटावर त्रिशरण-पंचशील झालं, लोक पांगू लागले, तेव्हा लांब उभा असलेला प्रल्हाद मला दिसला. पार म्हातारा झाला होता.

"मॅडम येत होत्या आमच्या घरी," तो म्हणाला. "कधीबी. आंगनात खाटेवर बसायच्या, चहा प्यायच्या अन् चालल्या जायच्या. काही बोलत नव्हत्या."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मले लय वाटे, आज बोलावं. डॉक्टरनं सांगतलं होतं, इलाज अर्ध्यात सोडू नका म्हनून. तरीबी सुया म्याच बंद केल्या. मॅडमनं कुठं म्हटलं होतं बंद करा म्हनून? पन तो विषय काढला अन् त्या यायच्याच बंद झाल्या तं? गावात आता पोरीचं नाव कोनी घेत नाही. त्या आल्या का बायकोले बरं वाटे. राग होता का हो त्यांच्या मनात माह्यावर?"

"त्यांना वाटायचं, तुमचा राग आहे त्यांच्यावर," मी म्हटलं. "शेवटपर्यंत."

प्रल्हादने चितेकडे पाहिलं.

"मंग दोघांतल्या एकानं तं बोलाले पायजे होतं ना, बाई," तो म्हणाला.