उन्हावरचा चहा

"सूर्य कधी रजेवर जात नाही." हे वाक्य ज्यानं कुणी लिहिलं, त्याला मी अजून शोधतोय. कॉलेजच्या एका शिबिरात भिंतीवर डकवलेल्या कागदावर ते होतं. खाली नाव नव्हतं. लिहिणाऱ्याला ठाऊक असणार, नाव घातलं तर एक ना एक दिवस कुणीतरी जाब विचारायला दारात उभं राहील. माणसानं इतकं बिनधास्त खोटं लिहावं? आणि तेही इतक्या वळणदार अक्षरात?

त्या एका वाक्यापायी अख्ख्या गावासमोर माझी जी शोभा झाली, तीच सांगायला बसलोय. आधी चहा घ्या. गॅसवरचा आहे, निर्धास्त प्या.

तर मी तेव्हा नगरच्या कॉलेजातून नुकताच बी.एस्सी. होऊन गावी परतलो होतो. विषय फिजिक्स. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल. आमचं गाव तिसगावच्या अलीकडं. त्या भागात देवानं पाऊस हात आखडून दिला, पण ऊन मात्र पोती भरून ओतलं. आणि लोक काय करायचे? चुलीत तुराट्या घालून धूर खायचे. आईचे डोळे तर सदा लालच. वीज यायची आणि जायची. ती यायची तेव्हा आम्ही झोपलेले असायचो. डोक्यावर एवढा मोठा फुकटचा निखारा असताना हे चाललंय, याचा मला राग यायचा. तेव्हा मला सगळ्याचाच राग यायचा म्हणा.

मग मी यंत्र करायला घेतलं. तिसगावच्या केबलवाल्याची डिश अँटेना वादळात पडून वाकडी झाली होती, ती त्यानं मला देऊन टाकली. सलूनमधले फुटके आरसे आणले, फोटोफ्रेमवाल्याकडच्या आरशाच्या उरल्यासुरल्या पट्ट्या आणल्या. दोन-दोन बोटांचे तुकडे कापून त्या डिशमध्ये आतून चिकटवले. सगळं ऊन एका जागी गोळा होणार, तिथं भांडं टांगायचं. आधी चहा, मग भाकरी, मग वाफ, मग वाफेवर फिरणारा सायकलचा डायनामो, मग घरात दिवा! मनातल्या मनात मी निम्मा पाथर्डी तालुका उजळून टाकला होता.

आण्णा, म्हणजे आमचे वडील, त्याला 'आरशाची परात' म्हणायचे. म्हशीनं त्यात एकदा स्वतःचं तोंड पाहिलं आणि दोन दिवस दूध चोरलं, असा त्यांचा आरोप होता.

पण चालायचं हो ते! दसऱ्यानंतरच्या उन्हात चहा असा खदखदून उकळला की आई भांड्याजवळ तोंड नेऊन बघत राहिली. चहाकडं नाही, भांड्याखाली. मग म्हणाली, "धूर न्हाई रं." बस्स. त्या तीन शब्दांवर मी ठरवून टाकलं की नोकरी करायची नाही, घरोघरी हेच करत फिरायचं.

आण्णांना माझं यंत्र आवडत नव्हतं असं नाही. त्यांना ते नोकरी वाटत नव्हतं. त्यांनी साखर कारखान्यात कुणाकुणाच्या हातापाया पडून माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. दिवाळीनंतर बॉयलर पेटला की हजर व्हायचं. मी म्हणायचो नाही, ते म्हणायचे व्हय, आणि आई मधल्यामध्ये दोघांना वाढायची.

अशात त्या वर्षी दिवाळीतच सूर्यग्रहण आलं.

पिठाच्या गिरणीवर दिवाळीच्या दळणाची गर्दी. तिथं एकच विषय. ग्रहणात चूल पेटवायची नाही, काही खायचं नाही, पाण्यात तुळशीचं पान टाकायचं, दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी डब्यावर डबा ठेवून वर उभाच राहिलो आणि म्हणालो, "ग्रहण लागलेलं असताना मी चहा करून दाखवतो. आणि तोही चुलीवर नाही, माझ्या आरशांवर."

थांबा. हसू नका. तुमच्या लक्षात आलं, हो ना? तुम्ही बी.एस्सी. नाही, म्हणून आलं.

तिथं सोपानतात्या बसले होते. गावातले सगळ्यात म्हातारे, बाजरी दळायला आलेले. ते म्हणाले, "पर पोरा, गिराण म्हंजी सूर्याला..." मी त्यांना तिथंच तोडलं. तात्या, राहू-केतू काही नसतं, म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी गिरणीच्या फरशीवर सांडलेल्या पिठात बोटानं तीन गोल काढले. हा सूर्य, ही पृथ्वी, हा चंद्र. चंद्र मध्ये येतो आणि सूर्य झाकला जातो, यापलीकडं काही होत नाही!

माझ्या तोंडानं बोललो हो मी हे. सूर्य झाकला जातो.

तात्यांनी वाकून ते तीन गोल नीट पाहिले. मग म्हणाले, "आन् मग च्या..."

"चहाला काहीही होत नाही, तात्या!"

सगळे आपापल्या दळणाकडं वळले. मला वाटलं, पटलं लोकांना.

घरी आई म्हणाली की अरे, त्या वेळेला ऊन... मी म्हणालो, आई, ऊन बाटत नाही. कासार मावशी बांगड्या भरायला आल्या, त्या काहीतरी सांगू लागल्या, त्यांना पृथ्वीच्या परिभ्रमणावर ऐकवलं. जो तो 'सूर्य' म्हणून तोंड उघडायचा आणि मी त्याची अंधश्रद्धा दूर करायचो. त्या चार दिवसांत गावात एकालाही मी वाक्य पुरं करू दिलं नाही.

एकटे आण्णा मला काही सांगायला आले नाहीत. जन्मभर आभाळाकडं बघत शेती केलेला माणूस तो. त्यांनी शांतपणे पान लावलं, चार माणसं बसली होती त्यांच्यासमोर मला बोलावलं आणि म्हणाले, "गिराण लागल्यापस्नं सुटंस्तवर कवाबी उकळू दे. उकळला तर मी नोकरीचं नाव काढणार न्हाई. न्हाई उकळला तर पिशवी भरायची आन् कारखान्यात जायाचं. मान्य हाय?"

मी त्यांचा हात हातात घेऊन दाबला. मला भरून आलं होतं. वाटलं, आण्णा सुधारले.

ग्रहणाची सकाळ उजाडली ती इतकी लख्ख, की मी सूर्याला मनोमन शाबासकी दिली. डिश अंगणात मांडली. भांड्यात पाणी, साखर, पत्ती, आलं. गावात दारं लागलेली, पण प्रत्येक खिडकीत डोळे. आई उंबऱ्याच्या आत. आण्णा ओट्यावर. अंगणात माझ्या बाजूला दोनच माणसं. एक सोपानतात्या, कारण त्यांच्या मते या वयात ग्रहण त्यांना आणखी काय धरणार. आणि दुसरा माझा शाळेपासूनचा मित्र मिलिंद, गावातल्याच शाळेवर मास्तर. बौद्ध वस्तीत त्यांचं घर. मी त्याला मोठ्या जोशात म्हणालो होतो, ये, ग्रहण मोडायला ये. तो म्हणाला होता, "आमचं छप्पन सालीच मोडलंय. चहा असेल तर येतो."

ग्रहण लागलं आणि मी भांडं टांगलं. सुरुवात छान झाली. बुडाशी सूं सूं आवाज आला. मी आण्णांकडं बघून हसलो. आण्णाही हसले.

मग आवाज थांबला.

मी डिश जरा तिरकी केली. मग जरा सरळ केली. आरशांवर दव असेल म्हणून धोतराच्या फडक्यानं सगळे तुकडे पुसले. मिलिंदची सावली पडतेय म्हणून त्याला गोठ्याजवळ उभं केलं. पुन्हा पुसले. ऊन हळूहळू असं दिसायला लागलं, जणू कुणी त्यात राख कालवलीय. गार वारा सुटला. कोंबड्या एकामागून एक खुराड्यात शिरल्या. मी कपाळावर हात आडवा धरून आभाळात ढग शोधला. ढग नव्हता. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

तेव्हा, मित्रहो, तेव्हा मला गिरणीच्या फरशीवरचे ते तीन गोल आठवले.

कसं वाटलं सांगू? परीक्षेहून घरी आल्यावर पेपरचं मागचं पान दिसावं तसं. मी मिलिंदकडं पाहिलं. तो हळूच म्हणाला, "मला वाटलं, तू फिजिक्सवाला. तुझा काहीतरी हिशेब असेल."

तात्यांनी उठून भांड्यात बोट बुडवलं. "आंगुळीला बेस हाय," म्हणाले.

मला इतका संताप आला की ती डिश मी गर्रकन फिरवली. तिची सगळी तिरीप जाऊन पडली समोरच्या घराच्या भिंतीवर, दिवाळीला नुकत्याच चुना दिलेल्या. आणि भिंतभर उमटल्या कोरी. शेकडो. प्रत्येक आरशाच्या तुकड्याची एकेक, नखाएवढ्या चंद्रकोरीसारखी, पण सूर्याची. डिश अजून डोलत होती तशी ती अख्खी भिंत थरथरत होती.

एक दार उघडलं. मग दुसरं. बायका पदर सावरत बाहेर आल्या, पोरं त्यांच्या आधी आली. ग्रहणात दाराबाहेर पाऊल न टाकणारं आमचं गाव माझ्या अंगणात भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं. मी भाषण करायला तोंड उघडलं होतं, पण जन्मात पहिल्यांदा मिटलं. आईसुद्धा उंबरा ओलांडून आली. म्हणाली, किती रे सूर्य.

तेवढ्यात मिलिंदच्या आई किटली आणि चार कपबशा घेऊन आल्या. पोरगा उपाशी बाहेर पडला होता म्हणून चहा आणलेला. साधा स्टोव्हवरचा. त्यांना पैज वगैरे काही ठाऊक नव्हती. गावात त्या घटकेला एकाच घरात चहा उकळला होता आणि त्याची कुठंच जाहिरात नव्हती.

लोक एकमेकांकडं बघू लागले. तात्यांनी पहिली कपबशी उचलली. कुणीतरी म्हणालं, तात्या, गिराण हाय. तात्या म्हणाले, "ह्या पोरानं सकाळधरनं आशंला लावलंय," आणि फुर्रकन पहिला घोट घेतला. मग आईनं घेतला. माझ्याकडं न बघता, पण घेतला.

मी निमूटपणे डिश पुन्हा सूर्याकडं वळवली. पैज अजून संपली नव्हती ना! ऊन हळूहळू परत आलं. कोंबड्या बाहेर आल्या, सकाळ दोनदा झाल्यासारख्या बावरून. भांडं सूं सूं करायला लागलं. बुडबुडे आले. आणि चहा असा उकळला, असा उकळला, की उतू जाऊन आरशांवर सांडला.

"आण्णा, उकळला!"

आण्णा ओट्यावरून उतरले. त्यांनी भांड्याकडं पाहिलंच नाही, वर पाहिलं. सूर्य पुरा वाटोळा झाला होता. "सुटलं गिराण," ते म्हणाले. "आता तर आपल्या चुलीवरबी उकळंल."

तर अशी माझी नोकरी लागली. कुठं म्हणाल तर बॉयलरवर, उसाचं चिपाड जाळून वाफ करायच्या खात्यात. डिश घरीच राहिली. आई त्यावर रोज दुपारचा चहा करायची, आणि आण्णा तो प्यायचे, परातीला नावं ठेवत.

मी निघालो त्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर तात्या भेटले. माझं उतरलेलं तोंड बघून माझी पिशवी त्यांनी आपल्या मांडीवर घेतली. म्हणाले, "मन खट्टू करू नगं. पुढल्या खेपंला चंद्राच्या गिराणात कर. त्यात सूर्य मोकळा असतोय."

मी एकदम ताठ झालो. खरंच की! सूर्याला धक्का नाही, आणि ग्रहण ते ग्रहणच. आण्णांना नवी पैज लावता येईल, नोकरी सोडता येईल. मी घाईघाईनं विचारलं, "कधी असतं हो ते, तात्या?"

तात्यांनी माझ्याकडं फार मायेनं पाहिलं आणि पिशवी परत माझ्या हातात दिली.

"रातच्याला असतंय, बाळा."