बेटावरची चूल

आमच्या गावचा देव म्हणजे शेंदूर फासलेले तीन गोटे. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा गावानं ते उचलून टेकडीवर नेऊन ठेवले. पाणी टेकडीला वेढा घालून बसलं, तिचं बेट झालं आणि देव तिथंच राहिला.

पुढं मी भोरच्या शाळेत असताना वर्गातल्या दोन मित्रांनी त्या बेटावर मुक्कामाला जायची टूम काढली. नाव मिळेना, म्हणून माझ्या चुलत्यांची गूळ करायची काहील घेतली आणि फळकुटांनी वल्हवत निघालो. काहील सरळ जाईल तर शपथ. गरगर फिरत दुपारी कसेबसे टेकलो.

मी लाकडं घेऊन आलो तोवर दोघांनी तीन दगडांची चूल मांडून काटक्यांवर भात ठेवला होता. दगड ओळखले आणि माझं डोकं फिरलं. मी पातेलं लाथेनं उडवलं. लाथ देवालाही लागली, पण तेव्हा भान कुणाला होतं.

"आमच्या देवाची चूल केली तुमी? डोळं फुटलं हुतं का?" म्हणत मी एकाची गचांडी धरली.

त्यानं ती सोडवून घेतली नाही. शांतपणे विचारलं, "देव आहे, तर मग शेंदूर कुठे आहे?"

बेट झाल्यापासून आमच्या गावातलं कुणी तिकडं फिरकलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली.